आरशाकडे पाठ करून घातलेली मॅट: पीसीओएस, योग आणि आपलं शरीर

सेतुबंधासन तसं सोपं. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, तळपाय टेकवून कंबर वर उचलायची. पण वर्गात हे आसन आलं की माझं लक्ष कमरेकडे कधी नसायचंच. ते असायचं हनुवटीवर. या आसनात गळा मोकळा पडतो, छतावरच्या दिव्याचा उजेड नेमका जबड्याखाली येतो, आणि दोन दिवसांपूर्वी उपटलेले केस पुन्हा टोचू लागलेत ते शेजारच्या मॅटवरून दिसत असतील का, एवढा एकच हिशोब डोक्यात चालू. बाई म्हणायच्या, "श्वास सोडा." मी श्वास धरून हात गळ्याशी न्यायचे.

पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (शब्दशः 'अंडाशयात अनेक गाठी'), असलेल्या बाईला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. कुणाला हनुवटी छळते, कुणाला पुढे वाकल्यावर उघडा पडणारा विरळ भांग, कुणाला मानेवरचा काळा पट्टा, कुणाला मांडी आणि छातीच्या मध्ये येणारं पोट. योग करा असं सगळेच सांगतात. तो करताना अंगावर खिळलेल्या या नजरेचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. त्यातलीही बरीचशी नजर आपली स्वतःचीच असते.

खालचा क्रम 12 आठवड्यांचा आहे आणि तो या नजरेसाठी आहे. वजन उतरवायचा आराखडा हवा असेल तर तो इथे सापडणार नाही. का, ते पुढे येईलच.

आधी थोडं शरीराबद्दल

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या 10 ते 13 टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो, आणि त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं निदानच झालेलं नसतं. नाव मात्र दिशाभूल करणारं आहे. सोनोग्राफीत दिसतात त्या खऱ्या अर्थानं गाठी नसतातच. बीज ज्यात वाढतं त्या पुटिका अर्ध्या वाटेत थांबलेल्या असतात, साधारण 2 ते 9 मिलिमीटरच्या. 1935 साली स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांचं वर्णन केलं, तेव्हापासून अंडाशयाचं रूप या आजाराच्या नावाला चिकटलं ते चिकटलंच. 2003 पासून निदान होतं ते तीनपैकी दोन गोष्टींवर: पाळीची अनियमितता, अँड्रोजेन म्हणजे 'पुरुषी' म्हटल्या जाणाऱ्या हार्मोन्सचा अतिरेक, आणि सोनोग्राफीतलं चित्र. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मोठ्या स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच (या पुटिकांतून येणारं हार्मोन) मोजणारी रक्ततपासणीही चालेल असं म्हटलं.

बॉडी इमेजशी, म्हणजे स्वतःच्या शरीराच्या आपल्या मनातल्या चित्राशी, याचा संबंध काय, असं वाटेल. संबंध थेट आहे. अनेकींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजेन बनवायला उद्युक्त करतं, आणि शिवाय यकृतातून येणारं, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी करतं. म्हणजे टेस्टोस्टेरॉन वाढतंही आणि मोकाटही सुटतं. हनुवटीवरचे केस, जबड्याच्या कडेनं येणारे पुरळ, डोक्यावर विरळ होणारे केस, हे सगळं तिथून येतं. मानेवरची काळी मखमली त्वचा ही तर इन्सुलिनचीच खूण. तो मळ नसतो, कितीही घासला तरी जाणार नाही. सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो, आणि "तू तर बारीक आहेस, तुला कसला?" हे ऐकून त्यांचं निदान वर्षानुवर्षं लांबतं.

आता योग. आंध्र प्रदेशात 15 ते 18 वयाच्या 90 मुलींवर एक चाचणी झाली. अर्ध्या मुलींनी रोज एक तास योग केला, अर्ध्यांनी तेवढाच वेळ साधा व्यायाम, 12 आठवडे. योग करणाऱ्या गटात एएमएच, एलएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन व्यायामाच्या गटापेक्षा जास्त उतरलं, नको त्या जागी वाढणाऱ्या केसांचा गुणांकही सुधारला. पण वजन आणि बीएमआय? दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. एका चाचणीवरून, तीही किशोरवयीन मुलींवरच्या, सगळ्या स्त्रियांसाठी निकाल लावता येत नाही. 'योगानं पीसीओएस मुळासकट जातो' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना तर मी दोन हात लांब ठेवते. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: आत बरंच काही हललं आणि वजनकाटा गप्प राहिला. त्या मुलींनी फक्त काट्याकडे पाहिलं असतं तर त्यांनी तिसऱ्या आठवड्यात योग सोडून दिला असता.

1997 मध्ये फ्रेडरिकसन आणि रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी एक गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली. सतत बघितल्या जाणाऱ्या स्त्रिया हळूहळू स्वतःच्या शरीराकडे बाहेरून, बघणाऱ्याच्या जागेवरून पाहायला शिकतात. मग भूक, थकवा, धाप, पाळीआधीची कळ अशी आतून येणारी खबर मागे पडते. योग यावर उतारा ठरू शकतो, कारण त्यात लक्ष आत वळवायची सवय लागते. आणि योगच ही नजर आणखी धारदार करू शकतो: आरसे लावलेली खोली, अंगाला चिकटणारे कपडे, 'परफेक्ट' आसनाचे फोटो. तेव्हा कसा करता यालाच सगळं महत्त्व.

पायरी 1: डॉक्टरकडची कामं आधी

इथे लांबण लावत नाही, पण गाळूही नका. पाळी येऊन 90 दिवसांहून जास्त झाले असतील तर आधी डॉक्टर, मग मॅट. लांबलेल्या पाळीत गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, आणि आसनं त्यावर उपाय नाहीत. गरोदरपणाची शक्यता असेल तर चाचणी करून घ्या. पाळी अनियमित म्हणजे दिवस जाणारच नाहीत, हा मोठा गैरसमज आहे.

औषधं चालू असतील तर ती योग सुरू केला म्हणून बंद करायची नाहीत. स्पायरोनोलॅक्टोन (नको त्या केसांसाठी दिलं जाणारं, अँड्रोजेनचा परिणाम रोखणारं औषध) घेत असाल तर खालून वर झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून उभं राहण्याआधी दोन श्वास बसून घ्या. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना एकाच पोटरीत सूज आणि दुखणं जाणवलं तर 'काल ताण जास्त दिला' असं म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी दाखवा. गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो.

मनाचंही विचारून घ्या. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता यांची तपासणी व्हायला हवी, बॉडी इमेज आणि खाण्याशी बिघडलेलं नातं याकडेही लक्ष हवं, असं त्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगावं. उपाशी राहणं, मग भडाभडा खाणं, मग ओकून काढणं किंवा शिक्षा म्हणून व्यायाम करणं असं चक्र चालू असेल, तर हा क्रम मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करा.

पायरी 2: वही घ्या, वजनकाटा कपाटावर ठेवा

12 आठवडे काटा नको. डॉक्टरांना वजन लागलं तर ते त्यांच्याकडे होईल, आकडा मला सांगू नका असं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. त्याऐवजी वहीत रोज तीन ओळी:

- आज शरीरामुळे काय टाळलं? (फोटो, बिनबाह्यांचा कपडा, कुणाच्या शेजारी बसणं, काहीही.)
- किती वेळा चाचपून पाहिलं? हनुवटीवर बोट फिरवणं, पोटाची वळी चिमटीत धरणं, चालता चालता काचेत बघणं.
- आज शरीरानं काय केलं? जिने चढलं, ओझं उचललं, झोपलं.

दुसरी ओळ लिहिताना धक्का बसतो. माझ्या पहिल्या दिवसाच्या नोंदीत '11 वेळा, जेवणाआधीच' असं लिहिलेलं आहे. बोट कधी हनुवटीवर गेलं ते कळतच नव्हतं. ही सवय मोडायची नाहीये अजून, नुसती मोजायची आहे.

पायरी 3: जागा आणि कपडे

मॅट आरशाकडे पाठ करून घाला. कपाटाला आरसा असेल तर त्यावर चादर टाका. फोन दुसऱ्या खोलीत. 'आसन बरोबर जमतंय का बघू' म्हणून रेकॉर्डिंग करायचा मोह होतो, आणि मग आपण आसन बघत नाही, दंड बघतो.

कपडे आजच्या मापाचे घ्या. तीन वर्षांपूर्वीच्या मापाचे नकोत आणि 'बारीक झाल्यावर' घालायचेही नकोत. कंबरेला रुतणारं इलॅस्टिक एक तासभर तुम्हाला पोटाची आठवण करून देत राहतं. उलट फार ढगळ टी-शर्टही कामाचा नाही, खाली डोकं गेलं की तो घसरून तोंडावर येतो आणि पोट उघडं पडतं. आत एक घट्टसर बनियन घालून ती खोचून घ्या, निम्मी धास्ती तिथेच संपते. छाती जड असेल तर आधार देणारी ब्रा घ्यायला संकोच करू नका.

पुरळ असतील तर पालथं झोपताना तोंडाखाली रोज धुतलेला टॉवेल घाला. लेझर किंवा वॅक्सिंग केलं असेल तर एक-दोन दिवस घाम काढणारा सराव नको, त्वचा चिडते. त्या दिवसांसाठी पायरी 4 मधला सराव आहेच.

पायरी 4: आठवडा 1 आणि 2, फक्त आडवं व्हायचं

"एवढंच?" असं प्रत्येक जण म्हणते. माझ्या मते या सगळ्यात कठीण पायरी हीच आहे, आणि इथून उडी मारून पुढे गेलं की बाकीचं सगळं पुन्हा शिक्षेसारखं होतं.

रोज 15 मिनिटं. पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेलं ब्लँकेट, डोक्याखाली पातळ उशी. पाठीवर झोपल्यावर छातीचं वजन गळ्यावर येऊन कोंडल्यासारखं होत असेल तर डाव्या कुशीवर झोपा, दोन गुडघ्यांमध्ये उशी. त्यालाही शवासनच म्हणा.

आता एक तळहात पोटावर, बेंबीच्या खाली ठेवा. बहुतेकींचा हात पोटाला लागताच पोट आपोआप आत जातं. कुणी बघत नसतं, खोली बंद असते, दिवा मालवलेला असतो, तरी जातं. आपल्यातल्या किती जणी तेराव्या-चौदाव्या वर्षापासून पोट आत ओढून जगतायत याचा तिथे उलगडा होतो. काही करू नका. श्वास आत येऊ द्या आणि बघा, हात वर उचलला जातो का. पहिले चार-पाच दिवस नाही जाणार. श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळेल. मग एखाद्या दिवशी श्वास सोडताना पोट सैल पडतं, हाताखाली ते ऊबदार आणि मऊ लागतं, आणि पुढच्या श्वासाला हात बोटभर वर येतो. अनेकींना इथे रडू येतं. आलं तर येऊ द्या, घाबरायचं कारण नाही. मात्र पोटाला हात लावला की भीती किंवा जुनी नको ती आठवण उसळत असेल, तर हात काढून बाजूला जमिनीवर ठेवा आणि तळहाताला लागणाऱ्या जमिनीकडे लक्ष द्या.

मग शरीरभर फिरा, पायाच्या बोटांपासून वरपर्यंत. एक अट आहे: शब्द फक्त जाणिवेचे. गरम, गार, जड, हलकं, ताणलेलं, सैल, ठणकतंय, काहीच जाणवत नाही. 'जाड', 'घाण', 'बेढब', आणि हो, 'छान'सुद्धा नको. शेवटचा शब्द ऐकून आश्चर्य वाटेल. पण 'माझ्या मांड्यांवर माझं प्रेम आहे' असं बळेच म्हणायला लावणाऱ्या सरावांचा मला कंटाळा आहे. तेही शेवटी दिसण्यालाच गुण देणं झालं, फक्त 2 ऐवजी 8. मांडी जड आहे आणि जमिनीला टेकली आहे, इतकं पुरे.

हनुवटीपाशी आलात की थांबा. जबडा आवळलेला असतो. दात एकमेकांपासून सुटे करा, जीभ टाळूवरून खाली येऊ द्या. हनुवटीवर लक्ष गेलं आणि त्यात केस नव्हते, जबड्याचा स्नायू होता, असं पहिल्यांदा होईल त्या दिवशी वहीत लिहून ठेवा.

शेवटी भ्रामरी, सहा-सात वेळा. कान बंद करायची गरज नाही, ओठ मिटून नुसता गुंजारव. तो ओठांत, नाकाच्या हाडात, कवटीत कुठे कुठे वाजतो ते ऐका. चेहरा नुसता बघण्याची नाही, वाजण्याचीही जागा आहे.

पायरी 5: आठवडा 3 ते 6, आसनं आपल्या अंगाला लावून घ्या

पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत केली, 'स्थिरसुखमासनम्'. स्थिर आणि सुखाचं. त्यात डोकं गुडघ्याला टेकलं पाहिजे असं कुठे आलं?

आठवड्यातून चार दिवस, 30 मिनिटं. आधी पाच मिनिटं पायरी 4, शेवटी पाच मिनिटं शवासन, आणि मधे खालची आसनं, प्रत्येकी पाच ते आठ श्वास.

बालासन. पुस्तकी पद्धतीत गुडघे जुळवून त्यावर पोट ठेवतात. पोट मोठं असेल तर श्वासच कोंडतो. गुडघे मॅटच्या रुंदीइतके फाकवा, पोटाला मध्ये जागा द्या, छातीखाली उशी किंवा लोड घ्या, कपाळ मुठींवर. टाचांपर्यंत बैठक पोचत नसेल तर मध्ये ब्लँकेटची घडी.

मार्जारासन. हात आणि गुडघ्यांवर या, गुडघ्यांखाली जाड घडी. मनगटं दुखत असतील तर कोपरांवर या. पाठ खाली जाते तेव्हा पोट खाली लोंबू द्या. होय, लोंबू द्या. चार पायांवरच्या प्राण्याचं पोट कुठे आत ओढलेलं असतं? श्वास सोडताना पाठ वर गोल करा. अनेकींना कळतं की पोटाला असं वजनानं सोडण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

पश्चिमोत्तानासन. इथे सगळ्यात जास्त अपमान वाटतो, कारण शेजारची दुमडते आणि आपण काटकोनातच राहतो. उशीवर बसा म्हणजे कंबर पुढे झुकते. पाय समोर पसरून एकमेकांपासून कमरेएवढे दूर, गुडघे थोडे वाकलेले. पोट आणि मांडी यांच्या सांध्यात हात घालून मांस सरळ बाजूला करा, जसं बसताना कपड्याची घडी सारखी करतो तसं. तळव्यांना टॉवेल अडकवून धरा. कपाळ कुठेही पोचायचं नाहीये. मांडीच्या मागे ताण आला की आसन झालं.

वीरभद्रासन 2. पाय दूर, पुढचा गुडघा वाकलेला, हात दोन्हीकडे. हे मी मुद्दाम ठेवते. पीसीओएसच्या बायका जागा कमी व्यापायला शिकलेल्या असतात: बसताना मांडीवर पर्स, फोटोत मागच्या रांगेत. या आसनात हातभर जागा दोन्ही बाजूंनी आपली होते. तोल जात असेल तर भिंतीला पाठ लावा.

सेतुबंधासन. पाय कमरेएवढे दूर, हळूहळू वर. छातीचं वजन हनुवटीकडे येऊन गुदमरल्यासारखं झालं तर कंबर कमी उचला किंवा तिच्याखाली उशी सरकवून तिच्यावरच टेकून राहा. डोळे छताकडे, जबडा सैल.

सुप्त बद्धकोनासन. पाठीखाली उतारावर रचलेल्या उशा, तळवे एकमेकांना, दोन्ही गुडघ्यांखाली आधार. पाळीच्या दिवसांत हेच एक आसन केलं तरी चालतं.

प्राणायामात अनुलोम-विलोम, पाच मिनिटं, श्वास न रोखता. कपालभातीबद्दल मला हटकून विचारलं जातं. उच्च रक्तदाब, हर्निया, काचबिंदू, गरोदरपण यांत ती करू नये, आणि पाळीत रक्तस्राव जास्त असतानाही नको. त्यापलीकडे माझं एक वैयक्तिक मत आहे: जिला पोट सैल सोडायला नुकतंच जमू लागलंय, तिला लगेच पोटाला हिसके द्यायला लावू नये. ती नंतर शिका, शिकवणाऱ्याच्या समोर बसून.

पायरी 6: आठवडा 7 ते 12, ताकद

आता थोडं अंग तापवायचं. मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काम करावं, ही सर्वसाधारण शिफारस पीसीओएसलाही लागू आहे. कुठलाही एक व्यायामप्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, म्हणून जो टिकेल तो. संथ योगानं 150 मिनिटांचा कोटा भरत नाही, बाकीचं चालून भरा. स्नायू वापरले गेले की ते रक्तातली साखर इन्सुलिनवर फारसं न विसंबताही उचलतात, म्हणून ताकदीच्या दिवसांना दांडी मारू नका.

दोन दिवस: खुर्चीच्या आधारानं उत्कटासन (खुर्चीत बसल्यासारखं खाली जाणं) पाच वेळा, गुडघे टेकवून फलकासन (प्लँक) 15 सेकंद तीनदा, भिंतीला पाठ लावून बसल्यासारखं राहणं, आणि सेतुबंधात एकेक टाच उचलणं. दोन दिवस सूर्यनमस्कार, चारपासून सुरुवात. पाय मागे नेताना उडी नको, एकेक पाय न्या. पुढे आणताना पोट आड येऊन पाऊल हातांपर्यंत पोचत नाही, तेव्हा घोटा हातानं धरून पुढे आणा. ही फसवणूक नाही. माझ्या ओळखीच्या एका जुन्या शिक्षिका आजही तसंच करतात.

वहीत आता आकडे येऊ द्या, पण शरीरानं केलेल्या कामाचे: फलकासन 15 वरून 25 सेकंद, जिना चढल्यावर धाप किती वेळात बसली.

पायरी 7: वर्ग आणि शिकवणारी

घरीच करायचं असेल तर ही पायरी सोडा.

पहिल्या दिवशी, बाकीच्या यायच्या आत, बाईंना सांगा: "मला पीसीओएस आहे. वजनाबद्दल बोलू नका, आणि अंगाला हात लावून आसन सुधारण्याआधी मला विचारा." इतकंच. सफाई देत बसू नका. चांगली शिक्षिका उलट विचारेल, "अजून काही?" जी म्हणेल "अहो, पण वजन तर कमी करावंच लागेल ना," तिच्याकडे पुन्हा जाऊ नका, पैसे भरले असले तरी.

कान उघडे ठेवा. 'यानं बाजूची चरबी जळते', 'पोट आत, पोट आत', 'रविवारी हादडलंय ना, आता भोगा' अशी भाषा सतत येत असेल, तर आसनं कितीही शास्त्रशुद्ध असोत, तुमची बाहेरची नजर तिथे पोसली जाते. एका विशिष्ट ठिकाणची चरबी एका विशिष्ट आसनानं जळते हे तसंही खरं नाही. याउलट 'मांडीच्या मागे काय जाणवतंय?', 'श्वास कुठे अडतोय?' असं विचारणारी भेटली तर तिला सोडू नका.

मॅट मागच्या कोपऱ्यात टाकायची सवय असते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात एक रांग पुढे सरका. फक्त एक.

पायरी 8: वाईट दिवस

ते येणारच. कपडे घालताना चेन लागली नाही. कुणी म्हणालं, "अजून काही 'गुड न्यूज' नाही?" चाळीस दिवस वाट पाहून आलेली पाळी आठवडाभर थांबेना. (रक्तस्राव तासातासाला पॅड बदलावं लागण्याइतका असेल तर मॅट नको, दवाखाना.) अशा दिवशी दुप्पट सूर्यनमस्कार घालून उट्टं काढायची इच्छा होते. ती इच्छा ओळखा. ती सरावाची नसते, शिक्षेची असते.

त्या दिवशी दहाच मिनिटं. खुर्चीच्या बैठकीवर पोटऱ्या ठेवून पाठीवर झोपा, पाच मिनिटं. मग कुशीवर वळून तीन मिनिटं. मग भ्रामरी. वहीतली पहिली ओळ प्रामाणिकपणे लिहा, तिसरी ओळ लिहायला काही सुचलं नाही तर 'श्वास घेतला' लिहा.

पायरी 9: बाराव्या आठवड्यात वही उघडा

पहिल्या आणि बाराव्या आठवड्याची पानं शेजारी ठेवा. टाळलेल्या गोष्टी किती, चाचपणं किती, तिसरी ओळ केवढी लांबली. पाळीच्या तारखा, झोप, चिडचिड याही नोंदी असतील तर त्या डॉक्टरांना दाखवा, त्यांना उपयोगी पडतात. केसांच्या बाबतीत इतक्या लवकर निकाल लावू नका. केसांचं चक्रच संथ असतं, औषधांचा परिणाम दिसायलाही सहा महिने तरी जातात. लेझर, वॅक्सिंग, थ्रेडिंग चालू ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. केस काढले म्हणजे शरीराशी गद्दारी केली, असं मला वाटत नाही.

चाचपणं अजिबात कमी झालं नसेल, आरशापुढे तासचे तास जात असतील, लोकांत जाणंच बंद होत आलं असेल, तर मॅटवरचे तास वाढवून उपयोग नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, वही सोबत न्या.

माझ्या वहीतलं बाराव्या आठवड्यातलं एक पान तिरक्या अक्षरात, घाईनं लिहिलेलं आहे. 'सेतुबंध, आठ श्वास. डाव्या मांडीत गोळा आला, बाईंनी टाच जवळ घ्यायला सांगितली, मग गेला.' हनुवटीचा उल्लेख नाही. केस त्या दिवशीही होते, आदल्या रात्री उपटायचे राहून गेले होते.